बोर्डिंगातल्या वहिनी

मराठी शिकवणाऱ्या बाईला काही गोष्टी जन्मभर चुकत नाहीत. वक्तृत्वस्पर्धेचे परीक्षकपण ही त्यांतलीच एक. तीन खुर्च्या मांडलेल्या असतात. एकीवर गावातले कोणी प्रतिष्ठित, दुसरीवर निवृत्त मुख्याध्यापक आणि तिसरीवर मी. पुढ्यात पाण्याचा तांब्या, गुणांचा कागद आणि वेळ संपल्याची घंटा. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अशा खुर्चीवर मी जेवढे तास काढले आहेत, तेवढ्यात एखादा प्रबंध सहज लिहून झाला असता. (पण प्रबंध वाचतो कोण? भाषणे निदान ऐकावी तरी लागतात.)

आमच्या भागात सप्टेंबर उजाडला की या स्पर्धांना ऊत येतो, कारण २२ सप्टेंबर हा कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्मदिवस. इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला एक गोष्ट पाठ झाली आहे. भाषण सात मिनिटांचे असेल, तर चौथ्या मिनिटाला मंगळसूत्र येते. बोलणारा मुलगा असो की मुलगी, शहरातला असो की खेड्यातला, चौथ्या मिनिटाला आवाज खाली उतरतो, हात गळ्याकडे जातो आणि सभागृह शांत होते. बोर्डिंगात दाणा उरलेला नाही, अण्णा वर्गणीसाठी परगावी गेलेले, पोरांच्या पोटात काही नाही. आणि लक्ष्मीबाई गळ्यातले मंगळसूत्र काढून देतात. टाळ्या पडतात. पाचव्या मिनिटाला गाडी पुन्हा अण्णांकडे वळते आणि लक्ष्मीबाई भाषणातून ज्या जातात त्या जातातच.

गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. साताऱ्याच्या त्या बोर्डिंगपायी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझी तक्रार त्या गोष्टीविषयी नाही, चौथ्या मिनिटाविषयी आहे. एका बाईच्या सगळ्या आयुष्यातून आपण एक दिवस उचलला, त्या दिवसाला सोने लागले होते म्हणून उचलला, आणि बाकीचे दिवस सोडून दिले.

लक्ष्मीबाईंचे माहेर कुंभोजचे. बाहुबलीच्या डोंगराजवळचे हे गाव आज कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात आहे. भाऊरावांचा जन्मही १८८७ साली कुंभोजलाच झाला. घर मात्र वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. वाळवे पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा असा नवा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली ठेवण्यात आले. त्यामुळे सातारकर आणि सांगलीकर दोघेही अण्णांना आपल्या जिल्ह्याचे म्हणतात, आणि गंमत अशी की दोघांचेही म्हणणे खरे असते.

दोन्ही घराणी जैन शेतकऱ्यांची. ज्यांनी आमच्याकडची जुनी जैन घरे पाहिली आहेत त्यांना त्या स्वयंपाकघराची शिस्त सांगायला नको. पाणी गाळून घ्यायचे, दिवस मावळायच्या आत जेवणे उरकायची, कांदा-लसणाला उंबऱ्याच्या आत थारा नाही आणि परक्या हाताचा स्पर्श भांड्याला नाही. अशा शिस्तीत वाढलेली, चांगल्या खात्यापित्या घरातली मुलगी अंगावर सोने लेवून भाऊरावांच्या घरात आली.

आणि नवरा कसा? कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेला, परत आल्यावर स्नान करायला नकार दिला आणि त्यापायी बोर्डिंगातून बाहेर पडला, असा. इंग्रजी सहावीच्या पुढे मजल गेली नाही, पण साताऱ्यात शिकवण्या अशा केल्या की लोक 'पाटील मास्तर' म्हणू लागले. १९१४ सालच्या कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठ्यांच्या विरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून कोठडीत डांबले, तर साक्ष देण्यापेक्षा जीव द्यायला निघाला. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती त्या काळात हे काम सोपे नव्हते. पण नांगर विकता विकता त्याने खेडी पाहिली, आणि खेड्यात शाळेवाचून राहिलेली पोरे पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी सत्यशोधक परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे बोर्डिंग सुरू झाले.

इथपर्यंतचा इतिहास पुस्तकात मिळतो. 'भाऊरावांनी बोर्डिंग काढले' हे वाक्य परीक्षेत लिहिले की एक गुण मिळतो. पण संस्था काढायला ठराव पुरतो. बोर्डिंग चालवायला पीठ लागते.

म्हणून आता थोडा हिशेब करू. हिशेब माझा आहे. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. बोर्डिंगात तीस मुले आहेत असे धरा. वाढत्या वयाची, शेतात आणि बागेत राबणारी मुले. एका मुलाला एका वेळेला तीन भाकऱ्या कमीच, पण तीन धरू. दोन वेळच्या झाल्या एकशेऐंशी. एक किलो पिठात दहा-बारा भाकऱ्या होतात, म्हणजे रोज पंधरा-सोळा किलो जोंधळा दळून हवा.

शहरातल्या ज्या वाचकभगिनींना भाकरी हॉटेलच्या ताटात भेटते, त्यांना पुढचे सांगितले पाहिजे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. कणीक एकदा तिंबली की तासभर झाकून ठेवता येते आणि एकीने लाटाव्या, दुसरीने भाजाव्या असे जमते. भाकरीचे तसे नाही. गरम पाणी घालून काठवटीत एका भाकरीपुरते पीठ घ्यायचे, तळहाताच्या मुळाने रगडून रगडून मळायचे, गोळा करायचा, थापायचा, दोन्ही हातांवर तोलून तव्यावर टाकायचा, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या बेतात उलटायची आणि शेवटी निखाऱ्यावर उभी करून फुगवायची. मग पुढच्या भाकरीचे पीठ. प्रत्येक भाकरी ही पहिल्यापासून नवी भाकरी. सरावाचा हात असला तरी एकीला दोन-अडीच मिनिटे जातात. अडीच मिनिटे गुणिले एकशेऐंशी म्हणजे साडेसात तास. तेही चुलीपुढे, जळण सारत, डोळे चोळत. अजून कोरड्यास व्हायचे आहे, पाणी भरायचे आहे, भांडी घासायची आहेत, कुणाला ताप आला आहे त्याला पेज द्यायची आहे आणि आईच्या आठवणीने कोपऱ्यात बसून राहिलेल्या एखाद्या नव्या पोराला उठवून पानावर बसवायचे आहे.

हे सगळे लक्ष्मीबाई एकट्या करीत असे मी म्हणत नाही. स्वावलंबन हे त्या संस्थेचे ब्रीदच होते. मुले दळीत, पाणी आणीत, भाकऱ्या थापीत. परंतु ज्यांनी दहा-बारा वर्षांच्या मुलांकडून घरातले काम करून घेतले आहे त्या आयांना विचारा, की करून घेणे सोपे की करणे. पहिले कित्येक दिवस मुलाची भाकरी नकाशासारखी होते आणि तव्यावर मध्येच दुभंगते. ती दुभंगलेली भाकरी कुणी तरी खावी लागते.

आपल्या देशात सरकारने २०१९ साली एक पाहणी केली. माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात याची ती पाहणी होती. तीत असे दिसले, की घरात बिनमोल काम करणाऱ्या बायांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटांचा. अर्थशास्त्रवाल्यांचा आणखी एक नियम मला नेहमी मौजेचा वाटतो. खानावळीत विकलेली भाकरी राष्ट्रीय उत्पन्नात धरतात. घरच्या चुलीवरची धरत नाहीत. म्हणजे लक्ष्मीबाईंनी सातारच्या पेठेत खानावळ घातली असती तर त्या भाकऱ्यांची कुठे तरी नोंद होण्याजोगी होती. त्यांनी फुकट खाऊ घातले, तेव्हा हिशेबच बुडाला. दागिन्यांचे तसे नव्हते. सोन्याला सराफाचा भाव असतो आणि कागद होतो. म्हणून ते लक्षात राहिले.

आता त्या पंगतीत कोण बसत असे ते पाहू. मराठा होते, महार-मांग होते, मुसलमान होते, जैन होते, धनगर होते. त्यांच्यात लक्ष्मीबाईंची स्वतःची लेकरेही. आज हे वाक्य लिहायला काही लागत नाही. पण याच साताऱ्यात विसाव्या शतकाच्या आरंभी लहानगे भीमराव आंबेडकर शाळेत वेगळे बसत होते. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजी साताऱ्याला आले, त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. त्यानंतर महिन्याच्या आत, २० मार्चला, महाडला चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्यायल्याबद्दल माणसांची डोकी फुटली. तो काळ असा होता. बाहेर तळ्याच्या पाण्यावरून लाठ्या चालत होत्या, तेव्हा या बोर्डिंगात एका पाण्याने मळलेल्या भाकऱ्या सगळ्यांच्या पानात पडत होत्या.

पुरुषाने जात सोडली तर ती सभेत सोडता येते. भाषण करून, सहभोजनाला जाऊन, वर्तमानपत्रात पत्र लिहून. बाईला ती स्वयंपाकघरात सोडावी लागते. तिथे टाळ्या वाजत नाहीत, आणि एकदा सोडून भागत नाही. सकाळी सोडली तरी संध्याकाळी भांडे उचलताना हात पुन्हा आखडतो. गाळलेल्या पाण्याच्या आणि दिवस मावळायच्या आतल्या जेवणाच्या घरातून आलेल्या त्या बाईने हे दिवसातून दोनदा केले. मंगळसूत्रापेक्षा मला हे अधिक अवघड वाटते.

तरीही त्या मंगळसूत्राविषयी दोन शब्द. मराठीत आपण बांगडी 'फुटली' म्हणत नाही, 'वाढवली' म्हणतो. मंगळसूत्र तुटले तरी ते 'वाढवले'च. कुंकवाविषयी 'पुसले' हा शब्द भल्या घरात कुणी उच्चारीत नसे. एवढे भय भाषेत मुरलेले होते. धागा गुंफायला काढला तरी तेवढ्या वेळापुरती हळकुंडाची दोरी गळ्यात बांधणाऱ्या बाया मी स्वतः पाहिल्या आहेत. तेव्हा १९२० च्या दशकात एका सवाष्णीने, नवरा जिवंत असताना, आणि तोही परगावी असताना, आपल्या हाताने मंगळसूत्र काढून गहाण टाकायला द्यायचे म्हणजे सोन्याच्या किमतीचा प्रश्न नव्हताच. आमचे वक्ते चौथ्या मिनिटाला नेमके हेच सांगत नाहीत. 'त्याग' म्हणतात आणि पुढे जातात.

त्याग हा शब्द मला तसा लबाड वाटतो. तो एकदा दिल्या-घेतल्याला शोभतो. रोज करायच्या कामाला तो लावला तर काम दिसेनासे होते. दुसरा शब्द 'माउली'. लक्ष्मीबाईंना आता रयतमाउली म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या मनात आदरच असतो, त्याविषयी शंका नाही. पण माउली म्हटले की आपल्याला ज्ञानदेव आठवतात. माउलीला घाम येत नाही, तिचे कंबरडे मोडत नाही, ती कुणावर डाफरत नाही. बोर्डिंगातल्या मुलांनी त्यांना दिलेले नाव निराळे होते. भाऊराव सगळ्यांचे 'अण्णा', म्हणून लक्ष्मीबाई 'वहिनी'. या शब्दावर माझा फार जीव आहे. आईपुढे पोर हट्ट धरते. वहिनीजवळ दीर हक्क सांगतो. वहिनीला चिडवता येते, वहिनीकडे चोरून भाकरीचा तुकडा मागता येतो आणि वहिनी, 'आत्ता तर गिळलास ना?' असे म्हणून तो देतेही. आपल्या दक्षिणेकडच्या घरांतून थोरल्या वहिनीनेच धाकट्या दिरांना वाढवून लग्ने लावून दिल्याची उदाहरणे घरोघर आहेत. खेड्यातून आलेल्या, जातीजातींच्या पोरांना एका शब्दात नाते मिळाले, आणि ते नाते काम करणाऱ्या बाईचे होते.

वर्गात मी स्मृतिचित्रे शिकवते तेव्हा ही दुसरी लक्ष्मीबाई मला हटकून आठवते. लक्ष्मीबाई टिळकांच्या घरातही दुसऱ्यांची पोरे आली, त्यांच्याही अंगातले सोवळे हळूहळू उतरले, त्यांचाही नवरा घरात काय आहे नि काय नाही याची फिकीर न करणारा. फरक इतकाच, की टिळकांच्या लक्ष्मीबाईंनी ते लिहून ठेवले आणि १९३४ पासून ते भागाभागांनी छापून आले. त्यांच्या आधी १९१० साली रमाबाई रानड्यांनी आपल्या आयुष्यातल्या आठवणी लिहिल्या. १९४४ साली बाया कर्व्यांचे 'माझे पुराण' आले. अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेमागे घरात काय काय शिजत होते आणि काय काय शिजत नव्हते, ते त्या परखड बाईंनी सांगून टाकले. मराठी वाङ्मयाचे हे मोठे भाग्य. पण पाहा, लिहिणाऱ्या या तिन्ही बाया कोणत्या घरांतल्या आहेत? अक्षराची सवय असलेल्या. त्यांच्याही कितीतरी आधी सातारा जिल्ह्यातल्या नायगावची एक मुलगी, सावित्रीबाई फुले, पुण्यात शिकली आणि १८५४ साली तिचा कवितासंग्रह निघाला. परंतु ती वाट पुढे लवकर कुणी चाललेले नाही. कुंभोजच्या पाटलांच्या लेकीच्या नावावर आत्मचरित्र नाही. तिला आपण ओळखतो ते तिच्या हातचे जेवलेल्या मुलांच्या आठवणींतून. आणि जेवणाऱ्याला जेवण आठवते, मागची साडेसात तासांची चूल त्याच्या पाठीशी असते.

१९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. भाऊराव तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. पुढे एकोणतीस वर्षे ते जगले; १९४७ साली साताऱ्यात कमवा आणि शिका या तत्त्वावरचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, १९५९ साली पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले, तेव्हा संस्थेच्या शंभराहून अधिक माध्यमिक शाळा होत्या. यांतले काहीच वहिनींनी पाहिले नाही. त्यांनी पाहिली ती बोर्डिंगची पहिली सहा वर्षे, म्हणजे नेमकी तीच वर्षे जेव्हा उद्याचे पीठ आज घरात नसे. सोलापूरला त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. तिथल्या पदवी घेणाऱ्या मुलींना मी एकदा पाहिले. पोरी हसत होत्या, फोटो काढीत होत्या, टोप्या उडवीत होत्या. बरे वाटले.

या सगळ्याकडे मी पुस्तकातून आले नाही. माझ्या आईचे वडील कऱ्हाडकडच्या एका खेड्यातले. १९३६ च्या सुमारास ते संस्थेच्या बोर्डिंगात राहिले. वहिनींना त्यांनी पाहिले नव्हते, पण वहिनींच्या पाठीमागून आलेल्या मुलांनी आधीच्या मुलांकडून ज्या गोष्टी ऐकल्या होत्या त्या त्यांच्याकडे होत्या. आणि आणखी एक वस्तू त्यांच्याकडे होती, जी त्यांच्या पिढीच्या पुरुषांत मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. आमच्या आजोबांना भाकरी थापता येत असे. साधीसुधी नव्हे, पातळ, गोल, काठाला न तडकणारी. आजी आजारी पडली की ते धोतराचा काच मारून चुलीपुढे बसत आणि शेजारणी कुंपणावरून पाहायला येत. आईला भाकरी तिच्या आईने शिकवली नाही, वडिलांनी शिकवली. 'हात पिठाला लाव, तव्याला घाबरू नको,' असे ते म्हणत, असे आई सांगते.

आई लग्न होऊन सांगलीला आली. वडिलांची नोकरी बेताची होती. आईने उन्हाळ्यात शेवया-पापडांची कामे घेतली, वर्षभर शिलाई केली, आम्हा तिघांना शिकवले आणि यातून उरलेला वेळ (तो कुठून उरत असे हे मला आजतागायत कळलेले नाही) ती वस्तीतल्या बालवाडीला देत असे. पगार नाही, फक्त पोरांची नाके पुसायची.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. साताऱ्यात पडलेला पाऊस सांगलीत पूर होऊन येतो हे आम्हा नदीकाठच्यांना लहानपणापासून ठाऊक असते. कोयनेतून किती पाणी सोडले याचे आकडे इथली पोरेसुद्धा पाढ्यासारखे म्हणतात. पण त्या वर्षीचा पूर २००५ च्या पुरालाही मागे टाकणारा होता. आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फुटांवर धोक्याची रेघ आहे. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. गावभागात माळ्यावर माणसे अडकली, बोटी फिरू लागल्या. आमचे घर विश्रामबागेच्या बाजूला, उंचावर. तिथे पाणी आले नाही, माणसे आली. जवळच्या एका शाळेत छावणी उघडली. आई तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती, गुडघे दुखत होते. तिने आणि भजनाच्या बायकांनी मिळून कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडात तीन चुली मांडल्या.

मी दुसऱ्या दिवशी कशीबशी पोहोचले, तर आई चुलीसमोर पाट घेऊन बसलेली. गुडघे मोडत नव्हते म्हणून एक पाय लांब पसरलेला. आलेले पीठ पाच ठिकाणचे होते. काही जुने, विरी गेलेले, तव्यावर टाकले की तडकणारे. आईने त्याची उकड काढली आणि थापले. एका बाजूला गावोगावहून टेंपो येत होते, त्यांतही भाकऱ्यांच्या चवडी होत्या. कुणाच्या शेजारी ठेचा, कुणाच्या शेजारी शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधून. कुणा अनोळखी बाईने पहाटे उठून थापलेल्या त्या भाकऱ्या. टेंपोवर पाठवणाऱ्या मंडळांचे फलक लावलेले होते, अध्यक्षांच्या फोटोसकट. त्याला माझी हरकत नाही. टेंपो कुणी तरी ठरवावाच लागतो.

पाणी उतरल्यावर छावणी उठली. चिखल काढण्याचे दिवस आले, मदतीच्या याद्या आणि पंचनामे सुरू झाले. त्या सुमारास मी एक वही केली. वहिनींविषयी वाचताना जी हुरहूर लागते ती निदान आमच्या घरात कुणाला लागू नये असे मनात होते. दिवाळीला सगळे जमलो होतो. आई चकल्यांचे पीठ मळत होती. मी वही उघडून समोर बसले.

"आई, त्या पुरात तू रोज किती भाकऱ्या केल्यास ग?"

"कुणाला ठाऊक."

"अंदाजाने सांग. शंभर? दोनशे?"

"अगं, मोजत कोण बसतंय? पीठ संपलं की थांबायचं. दुसरं पोतं आलं की परत हात धुऊन बसायचं." मग माझ्या वहीकडे पाहून म्हणाली, "लिहायचंच असेल तर ते पीठ कुणी दळून दिलं त्याचं लिही. वीज नव्हती तेव्हा. पलीकडच्या पोरानं ट्रॅक्टरला पट्टा लावून चक्की फिरवली दोन रात्री. त्याचं नाव कुणी घेतलं नाही."

मी त्याचे नाव विचारून लिहून घेतले. मग तिने मला सोऱ्या धुऊन आणायला सांगितले.